न फुटलेल्या स्फोटाचा फोटो

आधीच सांगून ठेवतो, भूतबीत, करणी, मूठ यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. उलट चंद्रपुरात आमच्या स्टुडिओत लोक जे "भुताचे फोटो" घेऊन यायचे ना, त्यातलं भूत उतरवणारा माणूस मी! कोणी यायचं, घाबरलेलं, आवाज खाली करून... "साबिरभाई, पाहा नं, पोरीच्या लग्नाच्या फोटोत मागं मेलेली आत्या उभी आहे." मी फोटो उजेडात धरायचो आणि सांगायचो, काकू, ही आत्या नाही. ही मांडवातली दुसरीच बाई आहे. फोटोवाल्यानं रोल पुढं सरकवलाच नाही, एकाच फिल्मवर दोन फोटो बसले. आत्याला कशाला त्रास देता?

आणि मला कळणार नाही तर कोणाला कळेल? मी स्वतः तेच धंदे करायचो! नवरदेवाच्या तळहातावर एवढीशी नवरी उभी, हा फोटो तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्येही असेल. त्या काळी तसा एक फोटो नसला की मुलीकडचे तोंड फुगवून बसायचे. म्हणजे खोटा फोटो कसा बनतो, हे मला कोणी शिकवू नये.

म्हणूनच हा अनुभव इतकी वर्षं कुठं लिहिला नाही. पण मागच्या वेळी या सदरात एकानं आरशात दिसलेल्या बाईचा किस्सा लिहिला. वाचून मी बायकोला म्हटलं, "अगं, हे छापतात? आणि माझ्याजवळ तर वस्तू आहे, हातात धरता येणारी!" ती म्हणाली, "मग लिहा की. माझं डोकं कशाला खाता?" तर हे घ्या, लिहितोय.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पोंभुर्ण्याच्या बाजूला, सागाच्या जंगलात, एका बंद पडलेल्या दगडखाणीत एक छोटं टेस्टिंग सेंटर होतं. कोणाचं, ते विचारू नका, सांगणार नाही. खाणीत खडक फोडायला जी स्फोटकं लागतात, त्यांचा तिथं अभ्यास चालायचा. घुग्घुसकडच्या लोकांना या गोष्टीचं नवल नाही. खाणीत ब्लास्टिंग झालं की घरातली भांडी वाजतात, आणि पोरं अभ्यासातून मानही वर करत नाहीत. पण स्फोट होताना आतमध्ये नेमकं काय होतं, हे कोणी पाहिलंय? डोळ्याला दिसतो तो जाळ, धूर आणि धूळ. साध्या कॅमेऱ्यालाही तेच दिसतं.

एक्स-रे मात्र धुराच्या आरपार जातो!

तिथल्या मुख्य मॅडम पुण्याच्या होत्या. नाव केतकी, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, बारीक अंगाच्या, आणि बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साबिर, तुम्ही चालू पंख्याचा फोटो फ्लॅशनं काढलाय ना? पाती कशी थांबलेली दिसतात! हा तसाच फ्लॅश. फक्त उजेडाचा नाही, एक्स-रेचा. आणि इतका झटपट, की फुटणारी वस्तू फुटताफुटता थांबलेली दिसते."

मी म्हटलं, "मॅडम, मग माझं काय काम?"

काम असं, की त्यांच्या फिल्म खराब होऊन राहिल्या होत्या. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, इथं डांबर वितळतं! फिल्म धुण्याचं डेव्हलपर गरम झालं की सगळी फिल्म काळवंडते. आमच्या अब्बांच्या स्टुडिओत आम्ही ट्रे ओल्या वाळूत ठेवायचो, शेजारी बर्फाची लादी. कोणीतरी त्यांना आमचं नाव सुचवलं आणि मी आठवड्यातले काही दिवस मोटरसायकलवर तिकडे जायला लागलो.

पहिली फिल्म धुतली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. डार्करूममध्ये लाल दिवा, ट्रेमध्ये फिल्म हलवतोय... आणि हळूहळू चित्र वर यायला लागलं. तांब्याची नळी, जी सकाळी मी सरळसोट पाहिली होती, ती मधोमध पुरीसारखी फुगलेली! तिला तडे जाऊन राहिलेत, तुकडे सुटायच्या बेतात आहेत, पण अजून सुटलेले नाहीत. ना धूर, ना जाळ, फक्त त्या नळीच्या जिवावर आलेला तो एक क्षण. मी लग्नं काढली, बारशी काढली, पुढाऱ्यांच्या सभा काढल्या... पण असा फोटो! ओली फिल्म घेऊन मी नाचतच बाहेर आलो. मॅडमसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हापासून मी त्या कामाच्या पार प्रेमात पडलो. घरी बायकोला सांगायचो तर ती म्हणायची, "नळी फुटली त्यात येवढं काय? आपल्या न्हाणीतली रोज फुटते."

आता वामनभाऊ. हा सगळा किस्सा त्यांचाच.

वामनभाऊ म्हणजे स्फोट लावणारा माणूस. जवळच्याच गावचे, घरी धानाची शेती, आणि अर्धं आयुष्य खाणीत सुरुंग लावण्यात गेलेलं. नळीत स्फोटक भरून झालं की तिला तार जोडायची आणि काही बिघडलं तर ती सोडवायची, ही दोन्ही कामं त्यांचीच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. उंच, काळे, मिशीवाले. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. लहानपणी कबड्डीत मोडली होती आणि गावच्या हाडवैद्यानं बांबूची कांबट बांधून ती तशीच जोडून दिली. मी चिडवायचो, "भाऊ, तुमची करंगळी बैलाच्या शिंगासारखी आहे." ते म्हणायचे, "अबे फोटोवाल्या, त्याच शिंगानं तुले उचलून फेकीन." डब्यातली झिंग्याची चटणी मात्र अर्धी मला द्यायचे. त्यांना माहीत होतं, तिच्यावरून मी आपल्या अम्मीच्या हातची बिर्याणीही ओवाळून टाकीन.

भाऊंचे दोन नियम होते. एक, फाटकातून आत येताना हातातली चांदीची अंगठी काढून टोपीच्या घडीत ठेवायची. स्फोटकाजवळ अंगावर धातू नको, हा सगळ्यांचाच नियम, पण भाऊ तो पूजेसारखा पाळायचे. दुसरा नियम खास त्यांचा. ते एकदा लाल झेंड्याच्या पुढं, स्फोटकाकडे निघाले, की त्यांना मागून कोणी हाक मारायची नाही. घरून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत ना, तसं. "मागून आवाज आला का माणसाचं चित्त मागं राह्यते आन् हात पुढं जाते," असं म्हणायचे. आणि झेंड्यापुढं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं पाऊल पडलं, तर ते आधी हातातलं काम टाकून त्या माणसाला मागं आणून सोडत, मग बाकीचं. मोठ्या साहेबालाही एकदा त्यांनी दंडाला धरून मागं आणलं होतं.

आणि एक नियम आमच्या अब्बांचा, तोही ऐकून ठेवा. उजेड खाल्लेली फिल्म धुतल्याशिवाय फेकायची नाही, वाया गेली असं वाटलं तरी! एकदा आमच्या स्टुडिओत एक रोल खराब झाला समजून बाजूला टाकला होता. नंतर एक बाई आली, तिचा नवरा वारला होता, आणि त्याचा शेवटचा फोटो त्याच रोलमध्ये होता. अब्बांनी तो रोल शोधून धुतला. धूसर का होईना, माणूस निघाला त्यात. तेव्हापासून अब्बा म्हणायचे, "धुतल्याबिगर कसं कळेल बेटा, आत कोण बसलंय?"

तर तो दिवस. मोहफुलं पडायचे दिवस, म्हणजे उन्हाळ्याचं तोंड. सकाळीच सगळ्या जंगलात तो गोडसर वास. मॅडम भलत्याच खुशीत होत्या, कारण त्या दिवशी नवीन प्रकारची नळी होती, तिच्यावर बोल्टासारखे आटे पाडलेले. असे आटे असले की नळी कशी फुटते, हे आजवर आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. मी पण आतुर! मी फाटकावर पोचलो तेव्हा भाऊ आधीच आत जाऊन नळी मांडत होते, त्यामुळे सकाळपासून आमची भेट झाली नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मांडणी सोपी होती. खड्ड्यात लाकडी स्टँडवर नळी. एका बाजूला जाड लोखंडी पेटीत एक्स-रेचं यंत्र, दुसऱ्या बाजूला भक्कम भिंत. त्या भिंतीला पलीकडून, म्हणजे आमच्या सुरक्षित बाजूनं, एक फट होती. तिच्यात मी फिल्मची कॅसेट सरकवायचो. प्रत्येक कॅसेटवर शिशाचे आकडे चिकटवलेले असत, म्हणजे फिल्म धुतली की त्या दिवशीचा नंबर फोटोतच उमटायचा. घोटाळा होण्याची सोयच नव्हती.

सायरन झाला. मॅडमनी बटण दाबलं. एक्स-रेच्या यंत्राचा नेहमीचा कडाड आवाज आला...

आणि पुढं काहीच नाही. स्फोट झालाच नाही!

यंत्र चाललं, फ्लॅश पडला, पण नळी जशीच्या तशी. छोट्या काचेतून आम्हाला ती दिसत होती, उन्हात चमकत उभी. मॅडमचा चेहरा पडला. यंत्राची वीज त्यांनी लगेच बंद केली आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. असं झालं की बराच वेळ कोणीही पुढं जायचं नाही, हा जगभरचा नियम. कधीकधी स्फोटक आत धुमसत असतं. तो वेळ संपला की मग वामनभाऊ एकटे जाणार आणि तार सोडवणार. भाऊ दुसऱ्या टोकाला, झेंड्यापाशी आपल्या दगडावर बसले होते, त्यांना तिकडे निरोप गेला.

मी कॅसेट बाहेर काढली. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या साबिर, वाया गेली. न फुटलेल्या नळीचा फोटो काय करायचाय!"

मी म्हटलं बरं. चहा घेतला. चौकीदाराशी क्रिकेटवरून भांडलो, त्याचं म्हणणं होतं की आपली टीम फक्त टॉस हरल्यामुळं हरते. डोकं फिरलं माझं! पण त्या भांडणातही ती कॅसेट काखेत टोचत होती. अब्बा कानात बसलेले. शेवटी मनात म्हटलं, नाहीतरी बसूनच राहायचंय, धुऊन टाकू. डार्करूममध्ये शिरलो, दार लावलं, लाल दिवा लावला.

फिल्म ट्रेमध्ये टाकली. मी सरळ नळीची वाट पाहत होतो, साधी, उभी, पांढरी नळी.

चित्र वर आलं आणि मी ओरडलोच, "अरे! ही तर फुटलेली!"

आधी राग आला, खरं सांगतो. वाटलं, कोणीतरी जुनी वापरलेली कॅसेट माझ्या हातात दिली, माझ्या डार्करूममध्ये असली भोंगळ कामं! मग शिशाचे आकडे पाहिले. नंबर आजचा. परत नळी पाहिली. फुगलेली, तडकलेली, आणि तुकड्यांवर आटे! आट्यांची नळी आमच्याकडे त्या दिवसाआधी कधी आलीच नव्हती. आणि आजची नळी तर बाहेर उन्हात धडधाकट उभी होती!

हे कमी होतं म्हणून की काय, फिल्मच्या कडेला अजून काहीतरी वर यायला लागलं. पांढऱ्या रेघा. एक, मग तिच्या बाजूला दुसरी... मी ट्रे हलवायचं विसरून गेलो. ती बोटं होती हो. माणसाच्या हाताची हाडं! पंजा नळीकडे झुकलेला, जिथं तार जोडतात बरोबर तिथं. आणि करंगळी... बाहेरच्या बाजूला वाकडी. बैलाच्या शिंगासारखी.

माझ्या अंगावर जे शहारे आले, ते हे लिहितानाही येऊन राहिलेत.

तरी माझं फोटोवाल्याचं डोकं भांडतच होतं. कारण त्याच हाताच्या एका बोटात अंगठी होती, ठसठशीत गोल. मी स्वतःला म्हटलं, पाहा साबिर, भाऊ तर अंगठी फाटकातच काढतात, म्हणजे हा त्यांचा हात नाहीच. कुठलीतरी भानगड आहे, डबल एक्स्पोजर आहे, नीट विचार कर... आणि तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

ती शिट्टी म्हणजे वेळ संपला. वामनभाऊ निघाले.

विचारबिचार गेला चुलीत! फिल्म चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये कशीबशी बुचकळली आणि तशीच टपटप गळणारी घेऊन मी दार उघडून पळालो. मॅडम ओरडल्या, "साबिर, काय झालं?" मी थांबलो नाही. झेंड्यापाशी पोचलो तर भाऊ पुढं पायवाटेनं चाललेले, त्यांच्या त्या संथ चालीनं, पाठमोरे.

"भाऊऽऽ! वामनभाऊऽऽ! थांबा!"

ऐकू गेलं त्यांना. खांदे किंचित ताठ झाले. पण वळले नाहीत. नियम! मागून हाक मारायची नाही, आणि मारली तरी त्यांनी वळायचं नाही. चालतच राहिले. समोर खड्डा, खड्ड्यात ती चमकणारी नळी. मला रडू फुटलं. या अल्लाह, या माणसाला आता थांबवू कसं?

आणि मग एकदम सुचलं. मी झेंडा ओलांडला.

ओलांडला आणि धपधप पाय आपटत त्यांच्या मागं पळत सुटलो, मुद्दाम, मोठ्यानं. आता मात्र ते गर्रकन वळले. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही लाल झाला, की स्फोट इकडेच होतो की काय!

"अबे बह्यताडा! मरून राह्यला काय? मागं हो! मागं हो म्हणतो नं!"

मी मागं कशाला होतो? मी तिथंच फतकल मारून बसलो. मग दुसरा काही इलाजच नव्हता त्यांच्याकडे. नियमाप्रमाणं आधी मला मागं नेऊन सोडणं भाग होतं. आले ताडताड चालत, माझी कॉलर धरली, आणि पोत्यासारखं ओढत भिंतीच्या आड आणून आदळलं. वर एक कानाखाली! आजही तो गाल आठवला की मला हसूच येतं.

"काऊन आला बे तिथं? बायकापोरं नाई काय तुले?"

"भाऊ, हात दाखवा!"

"काय?"

"हात दाखवा तुमचा, उजवा!"

त्यांनी मला दुसरी ठेवून द्यायलाच हात उचलला होता, तो मी वरच्या वर धरला. करंगळीच्या बाजूच्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. बोट टम्म सुजलेलं.

"हे काय?"

"माशी डसली पहाटे मोहफुलं वेचताना. अंगठी निघूनच नाई राह्यली, म्हणून पट्टी बांधली वरतून. परवानगी घेतली मी मॅडमची. पण तुले काय करायचं आहे त्याचं?"

मी ती ओली फिल्म उन्हात वर धरली. भाऊंनी पाहिली. मॅडम धावत आल्या होत्या, त्यांनीही पाहिली. भाऊंची नजर आधी नळीवर गेली, मग त्या हाडांवर. त्यांनी आपला हात हळूच वर केला आणि फिल्मसमोर धरला. करंगळीला करंगळी. अंगठीला अंगठी.

"हे... कवा काढलं?" भाऊंनी विचारलं.

"आत्ताच बटण दाबलं तेव्हा."

"पण मी तं अजून गेलोच नाई तिथी..."

आणि धडाऽऽम!

भिंतीपलीकडे नळी फुटली. पायाखालची जमीन हलली, वरून माती आणि सागाची पानं आमच्या डोक्यावर पडली, आणि सगळ्या जंगलातले पक्षी एकदम उठले. मी फिल्म छातीशी धरून उभा. मॅडम दोन्ही हातांनी भाऊंचा खांदा पकडून नुसतं म्हणत होत्या, "आहात ना? आहात ना तुम्ही?"

"हाव बाई," भाऊ म्हणाले. "आहो मी."

मग जे हसलो आम्ही तिघं! आणि रडलोही. त्याच भिंतीला टेकून भाऊंनी मला अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या दुखल्या. चौकीदार पळत आला तर त्याला वाटलं, तिघांनाही स्फोटानं वेड लागलं. भाऊंची बायको, शेवंताबाई, दुपारी डबा घेऊन आली, तेव्हा भाऊंनी तिला काही सांगितलं नाही, नुसतं तिच्या हातून पाणी घेतलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. "असे काऊन पाहून राह्यले जी?" ती लाजून म्हणाली. मी तिला सगळं सांगायला तोंड उघडलं तर भाऊंनी डोळे वटारले.

आता तुम्ही म्हणाल, साबिरभाई, स्फोट उशिरा होतो कधीकधी. होतो! मॅडमनीही हेच सांगितलं आणि रिपोर्टातही हेच लिहिलं. त्यात काही अमानवीय नाही. पण फिल्म? फिल्मचं काय? मॅडम काही सहजासहजी मानणाऱ्या नव्हत्या, मीही नव्हतो. आम्ही वाळूतून नळीचे तुकडे वेचले आणि फिल्मशेजारी मांडले. एक लांब तुकडा होता, टोकाला मुरडलेला. फिल्ममध्ये तोच तुकडा, तीच मुरड, सुटायच्या बेतात. नळी फुटली तेव्हा यंत्राची किल्ली मॅडमच्या खिशात होती आणि फिल्म माझ्या हातात, ओली! मग हा फोटो काढला कोणी, आणि कधी?

हाताचंही तसंच. मॅडम म्हणाल्या, कदाचित भाऊंच्या हाताचा जुना एक्स-रे कुठूनतरी आला असेल. पण भाऊंचा जन्मात एक्स-रे निघाला नव्हता, करंगळी हाडवैद्यानं जोडली होती ना! तरी आम्ही चंद्रपुरात एका ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांच्या पंजाचा एक्स-रे काढून आणला. दोन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या. हाड न् हाड बसलं. मोडून जोडलेल्या जागेची गाठसुद्धा बसली. मॅडमनी दोन्ही फिल्म खिडकीशी धरून परत एकदा पाहिल्या. मग ती फिल्म पाकिटात घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे मी कुठंच लिहू शकत नाही, साबिर. लोक मला विचारतील आणि माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्ही ही जपून ठेवा. नीट फिक्स करा आधी, पिवळी पडेल."

नीट फिक्स केलीच मी, पण एका कोपऱ्यात तपकिरी डाग राहिला तो राहिलाच. ते सेंटर पुढं बंद पडलं. मॅडम पुण्याला गेल्या, अजून कधीतरी फोन येतो, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की हमखास विचारतात, "काही सुचलं का हो तुम्हाला?" मी म्हणतो, "नाही मॅडम. तुम्हाला?" मग आम्ही दोघंही हसतो. किती लोकांना दाखवली असेल मी ती फिल्म! कोणी म्हणतं देव, कोणी म्हणतं फिल्ममधला दोष. दोषाला करंगळी असते काय हो? मी चिडतो मग. पण खरं सांगायचं तर माझ्याजवळही कारण नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

वामनभाऊ मात्र दर ईदला शीरखुर्मा खायला घरी येतात. खाणं झालं की म्हणतात, "आण बे तो माहा फोटो." मी पाकीट आणतो. ते फिल्म खिडकीच्या काचेवर धरतात आणि तिच्यावर आपला उजवा पंजा ठेवून पाहतात. इतकी वर्षं दर ईदला बसायचा, अगदी साच्यातून काढल्यासारखा. ते मान हलवायचे, "अजून बसते," म्हणायचे, आणि फिल्म परत द्यायचे. हात बसतोय तोवर तो क्षण अजून भाऊंची वाट पाहतोय की काय, अशी मला दरवेळी भीती वाटायची.

या ईदला आले ते काठी टेकत आले. संधिवातानं हात पार वाकडा झालाय, सांधे सुजलेत, अंगठी तर कधीचीच निघून नातसुनेच्या पेटीत गेली. फिल्म मागितली. काचेवर धरली. हात ठेवला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. तर्जनी बसवायला जावं तर मधलं बोट सुटे, मधलं बसवावं तर अंगठा बाहेर.

"साबिर," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पण चेहरा बघायला हवा होता तुम्ही, बोर्डात पहिल्या आलेल्या पोरासारखा. "अबे साबिर, पाह्य! बसत नाई आता!"

"नाही बसत, भाऊ?"

"नाई नं! तो हात तिथंच राह्यला. हा माहा पुढं आला!"

मी आत ओरडून बायकोला सांगितलं, भाऊंना अजून एक वाटी शीरखुर्मा आण. ती म्हणाली, त्यांना शुगर आहे. भाऊ म्हणाले, "आण वो बाई, आज चालते."